नवं .२२ पिस्तूल: परवान्याच्या अर्जापासून पहिल्या पाचशे गोळ्यांपर्यंत

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात शस्त्र परवाना म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला पुढारी, नाहीतर बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक येतो. त्यामुळे एखाद्या खेळाडूने 'मला टार्गेट प्रॅक्टिससाठी पिस्तूल घ्यायचं आहे' असं सांगितलं की घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कुणाशी भांडण आहे का?

प्रश्न चुकीचा असला तरी तो का पडतो हे कळतं. शस्त्र कायद्यात परवाना मागण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि नेमबाजीचा खेळ हे त्यातलं एक स्वतंत्र कारण आहे, हे फार जणांना माहीत नसतं. त्यात महाराष्ट्रात नेमबाजी म्हणजे कोल्हापूर, पुणे, मुंबई असं समीकरण पक्कं बसलं आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातले. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ती ज्या प्रकारात खेळते, त्यातलं हत्यार म्हणजेच या लेखाचा विषय: .२२ बोअरचं रिमफायर पिस्तूल. सेनगाव किंवा वसमतच्या एखाद्या मुलीला उद्या याच प्रकारात उतरायचं असेल, तर तिला नेमकं काय करावं लागेल?

रिमफायर म्हणजे काय?

काडतूस फुटण्यासाठी आधी एक छोटी ठिणगी लागते. मोठ्या बोअरच्या काडतुसात ही ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. .२२ च्या काडतुसात अशी वेगळी टोपीच नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या आतल्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो. पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेटतो. कडेवर ठोका बसतो म्हणून रिमफायर.

आज सगळीकडे वापरलं जाणारं .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत आलं. नावात रायफल असलं तरी पिस्तुलातही तेच चालतं. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम, व्यास ५.६ मिलिमीटर. गोळी शिशाची असते आणि बाहेरून मेणाचा किंवा तेलकट वंगणाचा थर असतो. हा थर लक्षात ठेवायला हवा, कारण नव्या पिस्तुलाच्या अर्ध्याअधिक कुरबुरी त्याच्यापाशीच येऊन थांबतात.

या काडतुसाचा धक्का कमी आणि मोठ्या बोअरच्या मानाने ते स्वस्त, म्हणून सरावाला सोयीचं. पण 'बावीसचं म्हणजे खेळण्यातलं' हा समज घातक आहे. ही गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि माणसाचा जीव घ्यायला ती पुरेशी आहे.

आधी छर्‍याचं, मग गोळीचं

कुठलाही जाणता प्रशिक्षक नवख्याला थेट .२२ घ्यायला सांगत नाही. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने होते. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. चाप हळू दाबणं, श्वास रोखणं, फोरसाइटवर नजर ठेवणं, हे सगळं तिथेच शिकता येतं. घराच्या पडवीत मागे भक्कम छर्रा-पेटी ठेवून १० मीटरची रेषा आखता येते. .२२ साठी हे शक्य नाही.

शिवाय एअर पिस्तुलात जिल्हा, राज्य असं खेळत गेलं की त्याची प्रमाणपत्रं हाती येतात. पुढे परवान्याच्या अर्जात 'मी खरोखर खेळाडू आहे' हे सांगणारा पुरावा तोच. नुसती आवड असल्याचा अर्ज आणि सोबत राज्य स्पर्धेतल्या सहभागाची कागदपत्रं असलेला अर्ज यांत जिल्हाधिकारी कार्यालयाला फरक करावाच लागतो.

वयाचीही अट आहे. स्वतःच्या नावावर परवाना मिळण्यासाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी कनिष्ठ गटातल्या खेळाडूंना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या पिस्तुलावर सराव करता येतो. ही सोय कमीपणाची समजू नये. क्लबच्या वेगवेगळ्या पिस्तुलांवर वर्षभर हात बसला की आपल्याला कुठली मूठ जमते हे कळतं, आणि मग लाखांच्या घरातला खर्च डोळे झाकून होत नाही.

परवाना कोण देतं?

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यानुसार सगळा कारभार चालतो. बोअरचे ढोबळ दोन भाग आहेत, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. ९ मिलिमीटरचं पिस्तूल प्रतिबंधित गटात येतं, ते सामान्य नागरिकाला मिळत नाही. .२२ अप्रतिबंधित आहे, म्हणून त्याचा परवाना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी देऊ शकतात. हिंगोलीकरांसाठी ते कार्यालय गावातच आहे. १ मे १९९९ ला परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला नसता, तर या कामासाठीही परभणीच गाठावी लागली असती.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. सोबत ओळख, पत्ता, वय यांचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. वैद्यकीय प्रमाणपत्रात मानसिक आरोग्य आणि व्यसन यांचा उल्लेख अपेक्षित असतो. मग अर्ज पोलिसांकडे चौकशीला जातो. गुन्हे, शेजारपाजार, घरातलं वातावरण, हत्यार कुठे ठेवणार हे सगळं पाहिलं जातं. नियमांत मुदती लिहिलेल्या आहेत, पण सणवार, बंदोबस्त आणि निवडणुका यांतून वाट काढत अहवाल यायला महिने लागू शकतात. अर्ज नाकारला गेला तर अधिनियमाच्या कलम १८ नुसार अपील करता येतं.

अर्ज भरताना दोन गोष्टींत नंतर हमखास पश्चात्ताप होतो. पहिली, उद्देश. 'स्वसंरक्षण' असं लिहून परवाना घेतला आणि मग काडतुसं मात्र सरावाला हवीत, असं केलं तर कोटा पुरत नाही. साठ गोळ्यांचा एक सामना असतो, आठवड्यात असे चार सराव केले तरी अडीचशे गोळ्या होतात. खेळाडूंसाठी काडतुसांची मर्यादा वेगळी आणि जास्त आहे, पण ती मिळवायला खेळाडू म्हणून नोंद लागते. दुसरी गोष्ट परवान्याच्या क्षेत्राची. परवाना फक्त हिंगोली जिल्ह्यापुरता असेल तर तो जिल्ह्याच्या हद्दीबाहेर निरुपयोगी. पुण्याला बालेवाडीत किंवा मुंबईत वरळीला स्पर्धेसाठी जायचं, तर निदान राज्यभराचं क्षेत्र हवं. राष्ट्रीय स्पर्धा दिल्ली, भोपाळ अशा ठिकाणी होतात, त्यासाठी देशभराचं.

२०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. खेळाडूंसाठी शस्त्रांची मर्यादा वेगळी ठेवली आहे. त्यातही वरचा दर्जा 'नामांकित नेमबाज' हा. राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेत खुल्या गटात खेळून राष्ट्रीय रायफल संघटनेने ठरवलेली किमान गुणसंख्या गाठली की हा दर्जा मिळतो. त्याचा खरा उपयोग पिस्तूल घेतानाच कळतो, कारण परदेशी पिस्तूल आणि काडतुसं आयात करण्याची वाट मुख्यतः याच खेळाडूंसाठी खुली आहे.

कुठलं पिस्तूल घ्यायचं?

आंतरराष्ट्रीय नियमांनी २५ मीटर पिस्तुलाची चौकट आखून दिली आहे. बोअर .२२ लाँग रायफल, नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, चापाचा जोर कमीत कमी १००० ग्रॅम. शिवाय ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत पिस्तूल मावलं पाहिजे. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर चापाला एक किलोचं वजन लटकवून पाहतात. चाप सुटला, तर पिस्तूल बाद.

या चौकटीत बसणारी आणि वरच्या पातळीवर दिसणारी पिस्तुलं बहुतेक युरोपातली: इटलीचं पार्डिनी, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्टर आणि फाइनवेर्कबाऊ. नवख्याला ती नवी कोरी आयात करता येत नाहीत, म्हणून बरेच जण दुसर्‍या खेळाडूने वापरलेलं पिस्तूल घेतात. हा व्यवहार दोन मित्रांमध्ये स्टॅम्प पेपरवर उरकण्यासारखा नाही. विकणार्‍याने आणि घेणार्‍याने आपापल्या परवाना अधिकार्‍याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. घाईने आधी पिस्तूल घरी आणलं आणि कागद नंतर केले, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होतो. तिथे खेळाडू असणं कामाला येत नाही.

देशात बनलेल्या .२२ मध्ये ईशापूरच्या रायफल कारखान्याचं 'निडर' हे छोटं रिव्हॉल्व्हर आहे, वजन २५० ग्रॅमच्या आसपास. नावाप्रमाणेच ते स्वसंरक्षणासाठी आहे. त्यावर २५ मीटरचा नेम शिकायचा म्हणजे सायकलवर ट्रॅक्टरचं काम काढण्यासारखं आहे. हलकं हत्यार हातात जास्त उसळतं आणि छोट्या नळीवर दोन साइट्समधलं अंतर कमी असल्याने हाताची बारीक चूक लक्ष्यावर मोठी होते.

मूठ हा मुद्दा ब्रँडपेक्षा मोठा आहे. टार्गेट पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाने छोटी, मध्यम, मोठी अशी येते. ती सैल असेल तर प्रत्येक गोळीला पकड वेगळी पडते. डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीवर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसलं, तर मूठ जमली. डावीउजवीकडे दिसत असेल, तर मूठ घासून किंवा लाकडाची लुगदी भरून बसवावी लागते. हे काम थोडं थोडं, आठवडाभर चालतं. कानस एकदाच जास्त चालली तर लाकूड परत येत नाही.

दुकानात, बिल करण्याआधी

पिस्तूल हातात आलं की आधी मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. विक्रेत्याने आत्ताच तपासलं असलं, तरी. मग पिस्तुलावरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी एकेक आकडा लावून जुळवायचा. एक आकडा चुकला तर पुढे परवान्यावरची नोंद, नूतनीकरण, पोलीस तपासणी सगळीकडे तो आकडा आडवा येतो. नळीतून उजेडाकडे पाहून आतल्या खाचा एकसारख्या दिसतात का, नळीच्या तोंडाला ठेच नाही ना, हेही पाहायचं. दोन मॅगझिनं मागायची. नंतर सुटं मॅगझिन मिळवणं पिस्तुलाइतकंच अवघड होऊ शकतं. खरेदीनंतर शस्त्राची नोंद परवान्यावर करून घेतली की कागदाचा भाग संपला.

नवं पिस्तूल 'बसवायचं' म्हणजे काय?

नव्या मोटारसायकलला पहिले काही किलोमीटर जपून चालवतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे जपायचं इंजिन नाही, तर एकमेकांवर घासणारे भाग आणि स्प्रिंगा एकमेकांना ओळखीच्या करायच्या आहेत. .२२ पिस्तुलात गोळी सुटताना मागे येणारा जोर स्लाइडला किंवा बोल्टला ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणताना नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. या छोट्या काडतुसाचा जोर मुळात कमी. नव्या पिस्तुलात स्प्रिंग ताठ, घसरपट्ट्यांवर यंत्रकामाच्या बारीक रेषा, आणि वर कारखान्यातून आलेलं घट्ट ग्रीस. मग स्लाइड पुरती मागे येत नाही आणि पुंगळी दारातच अडकते.

म्हणून पहिली गोळी झाडण्याआधी पिस्तूल पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे, तेवढंच, उघडायचं. कारखान्याचं ग्रीस हे गंजापासून संरक्षणासाठी असतं, चालवण्यासाठी नाही. ते पुसून काढायचं. नळीतून कोरडी चिंधी किंवा फेल्टचा तुकडा फिरवायचा. घसरणार्‍या भागांवर शस्त्राच्या तेलाचा थेंब लावून बोटाने पसरवायचा. इथे हात सैल सोडू नये. जास्त तेल म्हणजे न जळालेली पूड आणि मेण यांना चिकटायला जागा. चेंबर आणि पिनची वाट तर कोरडीच हवी.

पहिल्या दिवशी पन्नासेक गोळ्या पुरेत. लक्ष्य जवळ, दहाएक मीटरवर. मॅगझिनमध्ये पाचच काडतुसं. या दिवशी दहाच्या वर्तुळाकडे बघायचं नाही. पुंगळी कुठे पडते, स्लाइड पूर्ण पुढे येते का, चाप दर वेळी सारखाच सुटतो का, हे बघायचं. पुंगळ्या उजवीकडे एकाच ढिगात पडत असतील तर यंत्र समाधानी आहे. एक दोन मीटरवर, एक पायापाशी, असं असेल तर जोर कमीजास्त होतो आहे.

एक वही ठेवायची. दिवस, गोळ्यांची संख्या, काडतुसाचा ब्रँड आणि लॉट क्रमांक, कुठलं मॅगझिन, काय अडकलं. मॅगझिनांवर रंगाने १ आणि २ लिहायचं. ही वही कंटाळवाणी वाटते, पण तिसर्‍या आठवड्यात तीच बोलते. अडचण फक्त २ नंबरच्या मॅगझिनलाच येत असेल तर दोष त्याच्या ओठांचा किंवा स्प्रिंगचा. एका लॉटलाच येत असेल तर काडतुसांचा. शेवटच्या वीस गोळ्यांतच येत असेल तर साचलेल्या मळाचा. आणि प्रशिक्षकाच्या हातात येत नसेल, खेळाडूच्याच हातात येत असेल, तर मनगट ढिलं पडतं आहे.

काडतुसं कुठली वापरायची यावर रेंजवर सर्वात जास्त वाद होतात. 'नव्या पिस्तुलाला सुरुवातीला जोरदार काडतूस खायला घाला, स्प्रिंग लवकर सुटते' हा सल्ला हमखास मिळतो. साध्या सरावाच्या काही पिस्तुलांसाठी उत्पादक स्वतः तसं सांगतात. पण युरोपीय टार्गेट पिस्तुलं सेकंदाला साधारण ३०० मीटरच्या आसपासच्या, आवाजापेक्षा कमी वेगाच्या 'स्टँडर्ड' काडतुसासाठी बनलेली असतात. त्यांत जोरदार काडतुसं घातली तर स्लाइड मागच्या भिंतीवर आपटत राहते आणि महागडा भाग तडकतो. पुस्तिकेत काय लिहिलं आहे, तेवढंच खरं.

रायफलवाल्यांकडून आलेला दुसरा सल्ला म्हणजे 'एक गोळी झाडा, नळी साफ करा, पुन्हा एक झाडा'. वेगवान, तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांसाठी त्यावर चर्चा होऊ शकते. मऊ शिशाच्या .२२ गोळीला नळी घासण्याइतकी ताकदच नसते. उलट घाईघाईत सळई फिरवून नळीच्या तोंडाला ओरखडा पडण्याचा धोका मोठा. .२२ च्या नळीला हवं असतं ते वेगळंच: मेणाचा एकसारखा पातळ थर. ब्रँड बदलला की आधीच्या वंगणावर नवं वंगण बसायला वीस-तीस गोळ्या जातात, आणि तोवर गोळ्यांची घडी विस्कटलेली दिसते. म्हणून पाच गोळ्यांवरून कुठलंही काडतूस नापास करू नये.

दोनशेच्या पुढे गेलं की अडकणं सहसा कमी होत जातं. पाचशेच्या आसपास पिस्तूल आपल्या चालीला लागतं. आता लक्ष्य २५ मीटरवर. हात उशीवर टेकवून तीन-चार ब्रँडच्या दहा-दहा गोळ्या झाडायच्या आणि कोणाची घडी लहान येते ते पाहायचं. २५ मीटरच्या अचूकता फेरीत दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण वरणाच्या वाटीच्या बुडाएवढं. टेकवलेल्या हातातून सगळ्या गोळ्या त्यात बसत असतील, तर पुढचे चुकलेले गुण पिस्तुलाच्या नावावर मांडता येणार नाहीत. साइट फिरवण्याची वेळ आता येते, त्याआधी नाही. पाचशेच्या आतही अडकणं कमी होत नसेल तर स्प्रिंग कापणं, चेंबर घासणं असले घरगुती उपाय करू नयेत. वही घेऊन परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे जायचं.

यंत्र विश्वासाचं होईपर्यंत ते स्पर्धेत नेऊ नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या १० मीटर एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती अंतिम फेरीपासून दोन गुणांनी दूर राहिली. ते पिस्तूल नवखं नव्हतं आणि खेळाडूही नाही. २५ मीटरच्या वेगवान टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीला फक्त ३ सेकंद दिसतं. तिथे अडकलेली पुंगळी काढायला वेळ कुठला?

गोळी सुटली नाही तर

चाप दाबला आणि नुसता 'टक' आवाज आला, तर पिस्तूल तसंच लक्ष्याकडे धरून निदान ३० सेकंद थांबायचं. कडेतला मसाला कधी उशिराने पेटतो. मग मॅगझिन काढून काडतूस बाहेर घ्यायचं. त्याच्या कडेवर पिनची खोल खूण असेल तर दोष काडतुसाचा, उथळ असेल तर पिनचा किंवा मळाचा.

याहून धोकादायक म्हणजे 'फुस्स' असा दबका आवाज. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. तिथेच थांबायचं, हात वर करायचा, प्रशिक्षकाला बोलवायचं.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ हे शिस्तीचे नाही, गरजेचे आहेत. .२२ पिस्तुलाचा आवाजही १४० डेसिबलच्या पुढे जातो, आणि कान एकदा गेला की परत येत नाही. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. शिशाची आणि मसाल्याची धूळ बोटांवर असते. घरात लहान मूल असेल तर सरावाचे कपडेही वेगळे धुतलेले बरे.

बिनकाडतुसाचा सराव हा या खेळाचा कणा. पण रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन सोडली तर ती थेट चेंबरच्या धारेवर आपटते, आणि धारेला दाब पडला की काडतूस नीट बसत नाही. उत्पादकाने कोरड्या चापाची वेगळी सोय दिली नसेल, तर रंगीत प्लास्टिकचं डमी काडतूस वापरायचं. आणि त्या खोलीत खरं काडतूस एकही नको.

शेतात का नाही?

हिंगोलीत हा प्रश्न येणारच. हिंगोली ही निजामकाळातली छावणी, आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ इथे आहे. गोळीबाराचा आवाज गावाला नवा नाही. पण पोलिसांचं मैदान पोलिसांच्या सरावासाठी असतं. .२२ च्या खेळाडूला मान्यताप्राप्त रेंज असलेल्या शहरापर्यंतचा प्रवास चुकत नाही. मग सुगी झालेल्या रिकाम्या रानात, टेकाडाच्या आडोशाला डबा ठेवून सराव केला तर काय बिघडलं, असं वाटतं.

बिघडतं ते जमिनीमुळे. मराठवाड्याचं टेकाड म्हणजे मुरूम आणि त्याखाली काळा दगड. शिशाची मंद गोळी दगडावर तिरपी लागली की ती विरघळत नाही, दिशा बदलून उडते. रेंजवर गोळी अडवायला मातीचा उंच, दगड वेचून काढलेला बांध किंवा पोलादी सापळा असतो, शेतात नसतो. तुरीच्या ओळीत वाकून काम करणारी बाई दोनशे मीटरवरून दिसत नाही. आणि परवाना खेळासाठी असेल तर तो रेंजवरच्या खेळासाठी असतो. वरातीत किंवा विजयी मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यामुळे हिंगोलीच्या खेळाडूचं वेळापत्रक बहुधा असं बसतं: रोज घरी एअर पिस्तूल आणि डमी काडतुसाचा चाप, आणि महिन्यातून काही दिवस रेंजवर .२२. पाचशे गोळ्या अशाने दोन-तीन महिन्यांत होतात. प्रवासात पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी, मूळ परवाना अंगावर.

पावसाळा आणि आचारसंहिता

उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनंतर जूनमध्ये हवा एकदम ओलसर होते, आणि तेव्हाच पिस्तुलाला गंज चढतो. कारखान्याच्या फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या खोळीत ते महिनोन् महिने ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला बोल्टने बसवलेल्या लोखंडी कपाटात ठेवायचं. काडतुसं दुसर्‍या कुलपात. किल्ली कुठे आहे हे घरातल्या मुलांना माहीत नसावं. पिस्तूल हरवलं किंवा चोरीला गेलं तर पोलिसांना लगेच कळवणं बंधनकारक आहे.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घेण्याचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेशी जोडलेल्या खेळाडूंना यातून सूट मिळू शकते, पण त्यासाठी ओळखपत्र आणि स्पर्धेचे कागद जोडून वेळेत अर्ज करावा लागतो. सूट मिळाली नाही तर पिस्तूल पोलीस ठाण्यात द्यायचं. देण्याआधी नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, क्रमांक असलेली पावती घ्यायची आणि पावतीवर मॅगझिनांची संख्याही लिहून घ्यायची. महिना-दोन महिन्यांनी परत मिळालं की नळी कोरडी करून पुन्हा दहा मीटरवर, पाच-पाच काडतुसांनी सुरुवात. वहीत त्या दिवसाची वेगळी नोंद.